व्हायब्रेशन प्लेट घ्यावी की वजनं उचलावीत? हाडांसाठी मी काय निवडलं

डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट हातात आला तेव्हा मी ५८ वर्षांची होते. टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत आपली घनता कुठे आहे ते सांगणारा आकडा, कमरेच्या मणक्यांचा उणे २.१, खुब्याचा उणे १.६. डॉक्टर म्हणाले, अजून औषधाची वेळ आलेली नाही, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी चालू ठेवा, आणि हाडांवर भार येईल असं काहीतरी करा. ते ‘काहीतरी’ नेमकं काय, हे ठरवण्यात माझं पाऊण वर्ष गेलं. तुम्ही आज त्याच जागी असाल तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे. स्कोअर उणे २.५ किंवा त्याच्या खाली गेला असेल, किंवा नुसतं घसरून पडल्यावर मनगट नाहीतर मणका मोडला असेल, तर औषधाचा निर्णय डॉक्टरांबरोबर आधी घ्या. प्लेट किंवा वजनं त्या औषधाची जागा घेत नाहीत.

मी आधी प्लेट घेतली, म्हणजे वर उभं राहायची, विजेवर थरथरणारी फळी. कारण सरळ होतं: घरच्या घरी, कपडे न बदलता, वीस मिनिटं उभं राहायचं. शिवाय तिच्यामागची कल्पना मला, आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलेल्या बाईला, फार आवडली होती. आपण नुसते उभे असतो तेव्हाही पायाचे स्नायू सेकंदाला कितीतरी वेळा बारीक थरथरत असतात, आणि ती थरथर हाडापर्यंत पोहोचते. वय वाढतं तशी ती मंदावते. मग तीच बाहेरून दिली तर? न्यूयॉर्कमधल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठाचे क्लिंटन रुबिन यांनी मेंढ्यांचे मागचे पाय रोज वीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, वर्षभर अशा कंपनावर ठेवले. २००१ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या त्या निष्कर्षात मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकातल्या जाळीदार भागाची घनता सुमारे ३४ टक्क्यांनी जास्त भरली. हा आकडा वाचून कोणाचाही जीव हरखेल. माझाही हरखला.

पण त्या मेंढ्यांना मिळालेलं कंपन ३० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ३० वेळा, आणि ०.३ जी इतकंच होतं, म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. आकडेमोड केली तर पृष्ठभागाची एकूण वर-खाली हालचाल भरते साधारण ०.१७ मिलिमीटर. वहीची दोन पानं एकावर एक ठेवली तर जेवढी जाडी होईल, तेवढीच. ते डोळ्याला दिसणार नाही, पायालाही जेमतेम कळेल.

माझ्या प्लेटच्या रिमोटवर होतं १ ते ९९.

हीच ती गोष्ट, जिच्यामुळे पुढचं सगळं ठरलं. ९९ म्हणजे काय? हर्ट्झ? नक्कीच नाही. मग जी किती? माहितीपत्रकात ‘हाडांसाठी २० ते ३०’ एवढंच छापलेलं. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला तर पलीकडचा मुलगा अगदी अदबीनं म्हणाला, “मॅडम, तुम्हाला झेपेल तेवढ्यावर ठेवा.” औषधाच्या बाटलीवर मिलिग्रॅमच्या जागी ‘झेपेल तेवढं’ लिहिलेलं असतं तर आपण ती घरात आणली असती का?

शेवटी मी वर्गात करायचे तो प्रयोग केला. रुपयाचं नाणं प्लेटच्या कडेजवळ ठेवलं आणि आकडा एकेक करत वाढवत गेले. त्वरण १ जीच्या वर गेलं की नाणं पृष्ठभाग सोडून उडायला लागतं, खडखडतं. माझं नाणं १५ ला खडखडायला लागलं. आता, वर माणूस उभा राहिल्यावर हिशोब थोडा बदलतो, त्यामुळे या प्रयोगाला मी मोजमाप म्हणणार नाही. पण ज्या २० ते ३० वर मी रोज उभी राहत होते, ते मेंढ्यांच्या ०.३ जीच्या जवळपाससुद्धा नव्हतं, एवढं मला त्या नाण्यानं सांगितलं. त्यात माझी प्लेट सी-सॉसारखी डावी-उजवीकडे झुलणारी. अशा प्लेटवर पाय एकमेकांपासून जितके लांब ठेवाल तितका आयाम, म्हणजे मधल्या स्थितीपासून वर किंवा खाली जाण्याचं अंतर, वाढतो. म्हणजे काल वीतभर अंतरावर उभी राहिले आणि आज दीड वीत, तर मात्राच वेगळी. कडेला ३ मिलिमीटर आयाम आणि १२ हर्ट्झ धरले तरी १.७ जी होतात. सात महिने मी रोज उभी राहिले, आणि त्या सात महिन्यांत मी नेमकं काय घेतलं हे मला आजही सांगता येणार नाही.

जोरदार कंपन वाईटच असतं असंही नाही. बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या एका अभ्यासात ७० बायकांपैकी ज्यांनी सहा महिने २ जीपेक्षा जास्त त्वरणाच्या प्लेटवर व्यायाम केला, त्यांच्या खुब्याची घनता सुमारे ०.९ टक्क्यानं वाढली. पण त्या नुसत्या उभ्या नव्हत्या, प्लेटवर बैठका मारत होत्या, आणि प्रत्येकीला किती त्वरण मिळतंय ते संशोधकांना माहीत होतं. उलट मोजूनमापून ०.३ जी दिलेल्या टोरंटोच्या २०२ बायकांमध्ये, रोज वीस मिनिटं वर्षभर उभं राहूनही, घनतेत फरक दिसला नाही. हे २०११ सालचं. बॉस्टन भागातल्या सरासरी ८२ वर्षांच्या वृद्धांवर दोन वर्षं असंच, पण रोज दहा मिनिटं, करून पाहिलं, तिथेही हाती काही लागलं नाही. मेंढीचं माणसात उतरलं नाही, असं मी याचं वाचन करते. यापेक्षा जाणकारांनी वेगळं सांगितलं तर मी ऐकेन.

आता वजनांकडे. ऑस्ट्रेलियात ग्रिफिथ विद्यापीठात बेलिंडा बेक यांच्या गटानं हाडं विरळ झालेल्या १०१ बायका घेतल्या, सरासरी वय ६५. निम्म्यांना घरी करायचे हलके व्यायाम, निम्म्यांना आठवड्यातून दोनदा, अर्धाच तास, पण जड: डेडलिफ्ट (जमिनीवरचा भार पाठ सरळ ठेवून उचलणं), खांद्यावर दांडा घेऊन बैठका, डोक्यावर वजन ढकलणं, आणि बारला धरून उडी मारून दणकन खाली उतरणं. आठ महिन्यांनी जड वजनं उचलणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्के वाढली, दुसऱ्या गटाची १.२ टक्के घटली. एकीच्या पाठीत उसण भरली, तेवढाच काय तो त्रास. मात्र प्रत्येक सत्रात शिकवणारा माणूस समोर उभा होता, आणि पहिला महिना हलक्या भारावर नुसतं शिकण्यात गेला होता. हे वाक्य विसरू नका.

कारण वजनांची खरी अडचण तीच आहे. शिकवणारा माणूस मिळत नाही. पहिल्या जिममध्ये मला पंचविशीतल्या ट्रेनरनं एक-एक किलोचे डंबेल हातात दिले आणि म्हणाला, “काकू, तुम्ही एवढंच करा.” एक किलोनं हाडाला काही कळत नाही, त्याहून जड पिशवी मी मंडईतून रोज आणते. दुसऱ्या ठिकाणी उलट टोक: पाठीवर झोपून पोटाचे क्रंचेस. विरळ मणक्यांना पुढे गोल वाकवून जोर देणं हेच टाळायचं असतं. तिसऱ्या खेपेला फिजिओ भेटल्या. त्यांनी महिनाभर हातात नुसती काठी दिली आणि पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकायला शिकवलं. दुसऱ्या महिन्यात आठ किलो. आज, अडीच वर्षांनी, मी ४२ किलोचा डेडलिफ्ट करते. माझं स्वतःचं वजन ५६ आहे.

खर्च प्लेटपेक्षा जास्त होतो, कारण तो दर महिन्याला होतो. पावसाळ्यात रिक्षा मिळत नाही तेव्हा जाणं नको वाटतं. गुडघे पहिले तीन महिने कुरकुरले. हे सगळं आहेच. पण लोखंडाच्या चकतीवर ५ लिहिलेलं असतं आणि ती ५ किलोचीच असते. मागच्या मंगळवारी किती उचललं ते माझ्या वहीत आहे, पुढच्या मंगळवारी किती उचलायचं तेही. मला काय मिळतंय हे मला कळतं, आणि माझ्यासारखीला रोज उठून जायला तेवढं कारण पुरतं.

दुसऱ्या डेक्सात मणक्यांचा स्कोअर उणे १.९ आला. तेवढा फरक मशीनच्या चुकीतही बसू शकतो, म्हणून त्यावर मी फार काही उभारत नाही. ओट्याखालचा दहा किलोचा पिठाचा डबा मी आता कोणाला हाक न मारता बाहेर काढते, आणि जिना उतरताना कठड्याला धरलेला हात सुटला आहे. मला हे पुरेसं वाटतं.

तरी प्लेट कोणासाठीच नाही असं म्हणवत नाही. हाँगकाँगमध्ये साठीपुढच्या ७१० बायकांवर दीड वर्षाचा अभ्यास झाला. घनतेत फारसा फरक पडला नाही, पण प्लेटवर उभ्या राहणाऱ्यांच्या पायातली ताकद आणि तोल सुधारला, आणि पडण्याचं किंवा हाड मोडण्याचं प्रमाण २८.७ टक्क्यांच्या तुलनेत १८.६ टक्के राहिलं. आपल्याकडे खुबा मोडतो तो बहुतेक पडूनच. त्यामुळे ऐंशीच्या पुढच्या, वजन हातात घेऊच न शकणाऱ्या माझ्या सासूबाईंसारख्या कोणासाठी, धरायला दांडा असलेली, सौम्य, सपाट वर-खाली होणारी प्लेट मला वाया गेली असं वाटणार नाही. कृत्रिम सांधा, पेसमेकर, डोळ्याच्या पडद्याचा त्रास, पायात रक्ताची गुठळी किंवा नुकतंच मोडलेलं हाड असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिच्यावर चढू नये. अमेरिकेत जानेवारी २०२४ मध्ये कमरेला बांधायच्या ‘ऑस्टिओबूस्ट’ नावाच्या कंपन-पट्ट्याला तिथल्या एफडीएनं, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, परवानगी दिली, पाळी गेल्यानंतर ज्यांची हाडं विरळ व्हायला लागली आहेत त्यांच्यासाठी, तीही डॉक्टरांच्या चिठ्ठीनं. त्याकडे माझं लक्ष आहे.

परवा जावेचा रिपोर्ट आला, उणे १.८. ती म्हणाली, ताई, मी प्लेटच बघते, माझ्याच्यानं जिम होणार नाही. मी तिला फिजिओंचा नंबर दिला. आणि तरीही प्लेट बघायला गेलीस तर विकणाऱ्याला दोनच गोष्टी विचार म्हटलं, वारंवारता किती हर्ट्झ आणि त्वरण किती जी. त्याला सांगता आलं नाही तर पर्समधून एक रुपयाचं नाणं काढ.