जुना ट्रॅक्टर छंदासाठी: एचएमटी २५११ की एक सिलिंडरचा आयशर?

सोलापुरात छंद म्हणून जुना ट्रॅक्टर उभा करायचा, तर मे महिन्याचं ऊन आणि बोअरचं जड पाणी, दोन्हींचा हिशोब आधीच करावा लागतो.

दोघेही पंचवीसेक एचपीचे. एचएमटी २५११ झेटर या चेक कंपनीच्या तंत्रज्ञानावरचा, दोन सिलिंडरचा, पाण्यावर थंड होणारा. चालतो शांत. पण रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतत राहिलात की आत क्षार धरतात आणि उन्हात इंजिन तापायला लागतं. कूलंट घाला, नळ्या बदला, वॉटर पंपाचं सील बघा. खरी अडचण पार्टची. हरियाणातल्या पिंजोरचा एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय २०१६ मध्येच झाला, त्यामुळे अस्सल माल जुन्या साठ्यातून नाहीतर भंगारातून शोधावा लागतो.

आयशरला पाण्याची भानगडच नाही, तो हवेवर थंड होतो. तरी आपल्याकडची धूळ सिलिंडरवरच्या पंखांच्या (फिन्सच्या) फटीत बसते, ती साफ केली नाही तर तोही तापतो. एकच सिलिंडर, त्यामुळे थरथर भारी! नट-बोल्ट सारखे आवळत बसा. याच जातीचं आयशर २४२ हे मॉडेल अजून बनतं, म्हणून रिंगा, फिल्टर वगैरे शोधायला फार फिरावं लागत नाही. खरेदीआधी इंजिन नंबर मात्र जुळवून घ्या.

पहिलाच ट्रॅक्टर असेल तर मी आयशरच घ्यायला सांगेन. एचएमटी दिसायला देखणा, पण तो घ्यावा हाताशी जुना, मुरलेला मिस्त्री असेल त्यानं. आरसी दोन्हींची तपासाच.