सरकारी ऑफिससाठी आयटी आराखडा करून घेतला, त्याचा रिव्ह्यू (3/5)

पाचपैकी तीन स्टार देतोय, आणि त्यातले अडीच एका एक्सेल शीटचे आहेत. बाकी ते तीनशे पानी बाड, रंगीत चित्रं, संचालक साहेबांसमोरचं प्रेझेंटेशन, या सगळ्याला मिळून अर्धा.

आधी आम्ही घेतलं काय ते सांगतो. आमचं राज्य शासनाचं एक संचालनालय, योजनांचे अर्ज घ्यायचे, छाननी करायची, लाभार्थ्याच्या खात्यात पैसे टाकायचे असा कारभार, मुख्यालय आणि सहा विभागीय ऑफिसं. मी संगणक कक्षात, म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मी आणि डेटाबेस झोपला तरी मीच. मध्ये वरून विचारणा झाली की दरवर्षी संगणकीकरणाला पैसे मागता, एकदा पुढच्या पाच वर्षांचं चित्र काय ते दाखवा. मग निविदा निघाली, गुणवत्तेला 70 आणि किंमतीला 30 अशी, आणि एक मोठी सल्लागार कंपनी आली (नाव सांगत नाही, कमेंटमध्ये विचारू पण नका, नोकरी करायचीय अजून). काम सहा महिन्यांचं होतं, लागले अकरा, त्यातले दोन आचारसंहितेत गेले त्याला ते तरी काय करणार.

निविदेत या कामाचं नाव होतं एंटरप्राइज आर्किटेक्चर, तो शब्द ऐकून मला आधी वाटलं ऑफिसचं फर्निचर बदलतायत. तर तसं नाही. ऑफिसात कुठली कामं चालतात, त्या कामाला कुठलं सॉफ्टवेअर आहे, त्यात कुठला डेटा आहे आणि तो कुठल्या सर्व्हरवर बसलाय, असे चार मजले धरायचे आणि त्यांच्यातले जिने दाखवायचे, म्हणजे उद्या पैसे आले तर ते कुठल्या मजल्यावर खर्चायचे ते कळतं. कल्पना तशी जुनी आहे, आयबीएममधल्या जॉन झॅकमननी 1987 ला यावर लेख लिहिला होता, आणि अमेरिकेनं 1996 ला क्लिंगर-कोहेन कायदा करून प्रत्येक मोठ्या खात्याला एक चीफ इन्फर्मेशन ऑफिसर दिला आणि हे आर्किटेक्चर सांभाळायची जबाबदारी त्याच्या गळ्यात घातली. त्या कायद्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे आयटीचा खर्च स्टेशनरीसारखा न धरता गुंतवणूक म्हणून धरायचा, आधी निवड, मग चालू असताना लक्ष, आणि शेवटी खरंच उपयोग झाला का ते तपासायचं. तिसरी पायरी आमच्याकडं मी सोळा वर्षांत पाहिली नाही. आपल्याकडं केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाची इंडईए नावाची चौकट आहे, 2018 ची, तिच्यात आठ रेफरन्स मॉडेल, म्हणजे बघून करायचे नमुने आहेत, कामकाज, अ‍ॅप्लिकेशन, डेटा, तंत्रज्ञान, सुरक्षा वगैरे, आणि नागरिकाला सगळं सरकार एकच वाटलं पाहिजे हा तिचा मूळ मुद्दा. मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. आमच्याकडं एकाच बाईला एकाच योजनेसाठी तोच उत्पन्नाचा दाखला दोन टेबलांवर द्यावा लागायचा, एकच सरकार सोडा, एकच मजला पण वाटायचा नाही.

कंपनीनं पहिले दोन महिने आम्हाला टोगॅफ शिकवलं, म्हणजे असं आर्किटेक्चर टप्प्याटप्प्यानं करायची एक तयार पद्धत. मधे एक गोल, त्यात रिक्वायरमेंट्स, आणि भोवती ए पासून एच पर्यंत आठ टप्पे, आमचे अधीक्षक म्हणाले ही तर सप्तपदीच आहे, एक पाऊल जादा. कंपनीचे मोठे साहेब, टाय घातलेले, पहिल्या मीटिंगला आले ते थेट शेवटच्या प्रेझेंटेशनला उगवले, मधलं सगळं काम तीन पोरांनी केलं. प्रपोजलमध्ये गुणांकन घेतलं ते मात्र त्या साहेबांच्या बावीस वर्षांच्या अनुभवावर! निविदा काढणाऱ्यांनी हे लिहून ठेवा, ज्याच्या सीव्हीला मार्क दिले त्यानं महिन्यातून किमान इतके दिवस ऑफिसात बसायचं ही अट घाला आणि हजेरीशी बिल जोडा. आम्ही घातली नव्हती.

मुख्य रिपोर्टचं म्हणाल तर त्यातलं निम्मं कुठल्यातरी दुसऱ्या गिऱ्हाईकाच्या रिपोर्टमधून आलेलं होतं. पान 143 वर लिहिलं होतं की नौका परवान्याच्या नूतनीकरणाची प्रक्रिया प्राधान्यानं ऑनलाइन करावी. आमच्या खात्याचा आणि समुद्राचा संबंध फक्त गणपती विसर्जनापुरता. फाइंड-रिप्लेसमधून तेवढी नौका सुटली बिचारी. दाखवल्यावर त्यांनी चटकन काढली, सॉरी पण म्हणाले, पण मग मला प्रत्येक पानावर नौका शोधायची सवय लागली.

आता एक्सेल शीट. त्या तीन पोरांमध्ये एक मुलगी होती, विदर्भातली, ती पीपीटी करण्यापेक्षा विभागीय ऑफिसांत जाऊन टेबलाशेजारी खुर्ची ओढून बसायची. आम्ही तिला यादी दिली होती नऊ सिस्टिमची. तिनं सव्वीस काढल्या. प्रत्येक ओळीला सिस्टिमचं नाव, कशासाठी, मालक कोण म्हणजे कुठली शाखा, कुणी बनवली, सोर्स कोड म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ प्रोग्राम कुणाकडं, एएमसी म्हणजे वार्षिक देखभालीचा करार कधी संपतो, कुठला डेटाबेस, सिक्युरिटी ऑडिट शेवटचं कधी. बास, एवढंच. "सोर्स कोड कुणाकडं" या रकान्यात अकरा ठिकाणी "माहीत नाही" आलं तेव्हा आमच्या साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता. दोन सिस्टिम अजून मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर 2008 आर 2 या जुन्या डेटाबेसवर, ज्याचा सपोर्ट जुलै 2019 ला संपलाय, आणि त्यातल्या एकीची एएमसी आम्ही दरवर्षी इमानदारीत भरतोय.

आणि एका विभागीय ऑफिसात ती जुनी अनुदान यादी सापडली. 2006 च्या सुमाराला कुणीतरी व्हिज्युअल बेसिकमध्ये करून दिलेली, नावं सगळी 'सुरेख' नावाच्या जुन्या फॉन्टमध्ये, कुठल्याही कॉम्प्युटरवर सारखं दिसणारं युनिकोड नाही. यादी छापायची तर ती एकाच पीसीवरून, कारण फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावायची छोटी किल्ली, फक्त त्यालाच चालतं, आणि डोंगल हरवू नये म्हणून लेखा शाखेतल्या मॅडमनी त्याला सुतळी बांधून सुतळी टेबलाच्या पायाला गाठ मारून ठेवलेली. दुसऱ्या पीसीवर तीच फाइल उघडली की नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं, त्यांच्या डोक्यावर टोप्या आणि शिंगं. कन्व्हर्टर लावून बघितला तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी जाऊन बसते आणि रफार भलत्याच डोक्यावर, "वर्धा"चं "वधर्ा" होतं. आता हा माणूस आणि बँक खात्यावरचा माणूस एकच हे कॉम्प्युटरनं ओळखायचं कसं? मॅडम ओळखतात. गेली चौदा वर्षं त्या स्वतःच्या एका वहीत जुना नंबर आणि नवा नंबर लिहून ठेवतायत, नव्या पोर्टलवर हाताने टाइप करतायत, आणि त्या पुढच्या वर्षी रिटायर होतायत. रिपोर्टमधल्या सगळ्या चित्रांत ती वही कुठंच नव्हती, शीटमध्ये होती, ओळ नंबर 19, सिस्टिमचं नाव "मॅडमची वही".

पण त्याच कंपनीच्या पाच वर्षांच्या आराखड्यात डेटा साफ करायला दिले होते तीन आठवडे. इथं माझं डोकं फिरलं. सातबाराचं आठवा ना, हस्तलिखित आणि कॉम्प्युटरमधला सातबारा जुळवायला राज्यभर 2017 ला चावडी वाचन केलं, गावकऱ्यांसमोर मोठ्यानं वाचून चुका काढल्या, दुरुस्त्या केल्या, आणि 1 मे 2018 ला डिजिटल सहीचा सातबारा आला, म्हणून आज 15 रुपयांत घरबसल्या निघतो. तलाठ्यांनी त्यासाठी किती रात्री काढल्या ते त्यांनाच विचारा. पोर्टल करणं त्यामानानं सोपं, पण आराखड्यात पैसे नेहमी पोर्टलला असतात, वाचनाला नसतात.

आता गुंतवणूक नियोजन, म्हणजे खरा पैशांचा भाग, आणि इथं कंपनी सपशेल आपटली. त्यांच्या तक्त्यात पहिलं वर्ष, पहिली तिमाही, क्लाऊडवर स्थलांतर, म्हणजे आपले सर्व्हर सोडून दुसऱ्याचे इंटरनेटवरून भाड्यानं वापरायचे. एप्रिल ते जून! अहो, एप्रिलमध्ये सरकारी ऑफिसात असतं काय, बदल्या आणि उकाडा. निधी बीम्सवर, म्हणजे राज्याच्या निधीवाटपाच्या ऑनलाइन सिस्टिमवर दिसणार, मग प्रस्ताव, प्रशासकीय मान्यता, 1 डिसेंबर 2016 च्या खरेदीच्या जीआरप्रमाणं निविदा, कंपन्यांची प्री-बिड बैठक, मुदतवाढ, करता करता दिवाळी जाते, आणि फेब्रुवारी आला की नवीन खरेदीला वरून ब्रेक लागायची धास्ती. हातात खरे महिने तीन-चार, त्यात 31 मार्चच्या आधी बिल पास झालं नाही तर निधी परत. म्हणून तर ऑफिसात मार्चमध्ये यूपीएस येतात, ते कुणाला लागतात म्हणून नाही, तर ते लवकर येतात म्हणून. हे गणित कुठल्याच टोगॅफमध्ये नाही, आणि कंपनीनं आमच्या लेखाधिकाऱ्यांशी पहिली मीटिंग केली ती नवव्या महिन्यात.

ती मीटिंग मात्र भारी झाली. कंपनीचा पोरगा सांगतोय कॅपेक्स म्हणजे एकदाचा खरेदीखर्च कमी होऊन ओपेक्स म्हणजे चालू खर्च वाढेल, आणि लेखाधिकारी शांतपणे विचारतात, क्लाऊडचं मासिक बिल कुठल्या उद्दिष्टाखाली, म्हणजे खर्चाच्या कुठल्या सरकारी नंबराखाली टाकू? 17 संगणक खर्च म्हणाल तर तिथं टोनर आणि एएमसीलाच पुरत नाही. सेवा म्हणून 28 व्यावसायिक सेवा? का मनुष्यबळ धरून 10 कंत्राटी सेवा? का दर महिन्याला द्यायचंय म्हणजे भाडं, 14? सगळे हसले, पण ते चेष्टा करत नव्हते, चुकीच्या ठिकाणी टाकलं तर लेखापरीक्षणात आक्षेप त्यांच्या नावावर येतो, सल्लागाराच्या नाही. शेवटी त्यांनीच मार्ग काढला, की पाच वर्षांचं एकच मोठं बोचकं न बांधता प्रत्येक कामाचे दोन तुकडे करा, एकदाच लागणारा आणि दरवर्षी लागणारा, आणि दरवर्षी लागणारा तुकडा आठमाही सुधारित अंदाजातच, म्हणजे आठ महिन्यांच्या खर्चावरून बजेटचा अंदाज सुधारतात तेव्हाच मागून ठेवा, नंतर जादा पैशांसाठीच्या पुरवणी मागणीची वाट बघू नका. हे वाक्य कंपनीनं अंतिम रिपोर्टमध्ये "प्रमुख शिफारस" म्हणून छापलं, लेखाधिकाऱ्यांचं नाव न घालता. असो, बिल त्यांचं पास झालं.

घ्यावी का अशी सेवा? तुमच्याकडं पाच-सहा सिस्टिम असतील तर अजिबात नको, दोन हुशार लिपिक आणि महिनाभर वेळ द्या, शीट तयार होईल. वीसच्या वर असतील, विभागीय ऑफिसं असतील, आणि शाखाप्रमुख एकमेकांना माहिती देत नसतील तर बाहेरचा माणूस लागतो, कारण त्याला कुणीही चहा पाजून सगळं सांगतं, मला नाही सांगत. फक्त कामाच्या व्याप्तीत विभागीय ऑफिसांच्या भेटी मोजून लिहा, लेखा शाखेला पहिल्या महिन्यापासून बसवा, आणि रिपोर्टची पानं जास्त म्हणून पैसे जास्त असं काही ठेवू नका.

सध्या परिस्थिती अशी की बाड कपाटात आहे आणि शीट रोज उघडते. नवीन सॉफ्टवेअरचा प्रस्ताव आला की लेखाधिकारी टिपणीवर लिहितात "शीटमधील ओळ क्रमांक नमूद करावा", आणि मागच्या महिन्यात तसं विचारल्यावर दोन शाखा एकच सॉफ्टवेअर वेगवेगळ्या नावांनी मागतायत हे सापडलं, एक नस्ती परत गेली. ओळ 19 चं काम चालू आहे, मॅडम आणि दोन डाटा एंट्रीवाली पोरं रोज दुपारनंतर बसतात, एकजण नाव वाचतो, दुसरा वही बघतो, मॅडम हो किंवा नाही म्हणतात. डोंगल अजून सुतळीलाच आहे.

आणि हो, एक राहिलंच, शीट आम्हाला त्यांनी आधी पीडीएफमध्ये दिली होती. भांडून एक्सेल घेतली. करारातच लिहून घ्या.