ऑप्टोकपलर की कपॅसिटिव्ह आयसोलेटर: गेट ड्रायव्हरमधला उशीर

हाफ-ब्रिजमध्ये, म्हणजे एकावर एक जोडलेल्या दोन मॉसफेट स्विचमध्ये, गेट ड्रायव्हरच्या (स्विच चालू-बंद करणाऱ्या सर्किटच्या) उशिरापेक्षा दोन बाजूंच्या उशिरातला फरक जास्त घातक. एचसीपीएल-३१२० या ऑप्टोकपलरचा (प्रकाशातून सिग्नल पलीकडे नेणाऱ्या ड्रायव्हरचा) उशीर कमाल ५०० नॅनोसेकंद, पण दोन नगांमधला फरक ३५० पर्यंत जाऊ शकतो. डेड टाइम (दोन्ही मॉसफेट बंद ठेवण्याचा वेळ) त्याहून कमी ठेवलात तर वरचा-खालचा मॉसफेट एकाच वेळी चालू होऊन शूट-थ्रू, म्हणजे पुरवठ्याचा थेट शॉर्ट, होतो. आवर्तनात डेड टाइम दोनदा येतो, म्हणजे किमान ७०० नॅनोसेकंद: २० किलोहर्ट्झला १.४ टक्के, चालून जाईल. २०० किलोहर्ट्झला १४ टक्के, अजिबात नाही.

तिथे यूसीसी२१५२० हा कपॅसिटिव्ह आयसोलेटरवाला (कपॅसिटरमधून सिग्नल पलीकडे नेणारा) ड्रायव्हरच हवा. दोन्ही चॅनल एकाच आयसीत, फरक कमाल ५ नॅनोसेकंद. डीटी (डेड टाइम) पिनवरून ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर लावला की डेड टाइम साधारण १०० नॅनोसेकंद.