बंद ट्रेलरचा सौदा आणि डिपस्टिकवरचे स्वच्छ ऑइल

बंद पडलेल्या जुन्या ट्रेलरच्या घोड्यापायी, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या इंजिनगाडीपायी, माझे ३,६४,५०० रुपये गेले आहेत. त्यांपैकी २५,००० रुपये टोकन, २,४०,००० रुपये खात्यावर, ७५,००० रुपये रोख, १८,५०० रुपये क्रेन आणि टोचनाचे, म्हणजे गाडी ओढून आणण्याचे, तर ६,००० रुपये इंजिन खोलण्याच्या मजुरीचे. गाडी २००९ ची, ३५१८ मॉडेलची, कमिन्स इंजिनाची. दलालाचे म्हणणे असे, की मालकाच्या घरातील वादामुळे ती दोन वर्षे यार्डात उभी आहे, बॅटऱ्या बसल्या आहेत आणि पंपाचे किरकोळ काम आहे. अशा सौद्यांची तऱ्हा या धंद्यातल्या सर्वांना ठाऊक आहे, मलाही होती. मी नवखा नाही, माझी एक गाडी आजही रस्त्यावर चालते, आणि म्हणूनच हे लिहिताना अधिक लाज वाटते.

ज्या क्षणी मी तेथून निघून यायला हवे होते, तो क्षण डिपस्टिक, म्हणजे इंजिनातले ऑइल तपासायची पट्टी, ओढल्याचा होता. दोन वर्षे उभ्या असलेल्या डिझेल इंजिनाच्या डिपस्टिकवर मधासारखे सोनेरी, पारदर्शक ऑइल होते, आणि सोबतच्या फिटरने ते अंगठ्यावर घेऊन, गाडी किती निगुतीने ठेवली आहे ते पाहा, असे मला ऐकवले. डिझेल इंजिनात नवे ऑइल भरून ते थोडा वेळ चालवले, तरी आतल्या काजळीने ऑइल काळे पडते. म्हणजेच हे ऑइल भरल्यानंतर इंजिन एकदाही फिरलेले नव्हते. जी गाडी सुरूच होत नाही, तिचे ऑइल पदरचे पैसे घालून कोण बदलतो आणि कशासाठी, हा प्रश्न शेंबड्या पोरालाही पडावा. पण त्या फिटरने जे कौतुक म्हणून सांगितले, ते मी कौतुक म्हणूनच ऐकले. हा फिटर त्याच यार्डातल्या गाड्यांची कामे करतो, हे मला पैसे दिल्यानंतर समजले. फिटर आपला न्यावा, त्याची रोजी आपण द्यावी, आणि विकणाऱ्याने सुचवलेल्या माणसाला बॉनेटलाही हात लावू देऊ नये.

गॅरेजमध्ये टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचे सर्वांत वरचे झाकण, काढले, तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला पांढुरका चिकट थर जमलेला होता. ऑइलमध्ये पाणी गेल्याची ती खूण असून खालून ऑइल बदलल्याने ती पुसली जात नाही. पुढे हेड उतरवल्यावर ब्लॉकला तडा गेलेला दिसला, दोन लायनर (पिस्टन ज्यात फिरतात त्या नळ्या) गंजलेले होते आणि क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, जाम होता. पाणी मिसळलेले ऑइल काढून टाकून वरून नवे ओतणे, एवढीच त्या लोकांची कारागिरी. दुरुस्तीचा अंदाज ४,१०,००० रुपयांचा आला, म्हणजे गाडीच्या किमतीहून अधिक. ऑइल भरायचे झाकण उघडून त्याच्या आतून नुसते बोट फिरवले असते, तरी काहीतरी हाताला लागले असते. क्रँक पुलीच्या नटाला मोठा पाना लावून इंजिन हाताने फिरते का, हे पाहायला बॅटरीही लागत नाही. मी तसे सुचवले होते, हे येथे मुद्दाम नोंदवतो. पुढचा पंखा अडचणीचा आहे, अंधारही पडत आला आहे आणि दुसरा गिऱ्हाईक उद्या सकाळी येणार आहे, ही उत्तरे मला मिळाली. अशी गाडी पाहायला जाणार असाल, तर स्वतःच्या दोन चार्ज केलेल्या बॅटऱ्या गाडीत टाकून न्या, म्हणजे बॅटऱ्या बसल्याचे कारण उरणार नाही.

टायरांवर मात्र मी फसलो नाही. बाजूवरचे चार आकडे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात, ते पाहून मी टायरांची किंमत शून्य धरली होती आणि सौदा ३,८०,००० वरून ३,४०,००० रुपयांवर आणला होता. या समाधानातच बाकीचे राहून गेले. अशा गाडीचा भाव मुळात चालू गाडीच्या भावातून दुरुस्ती वजा करत काढायचाच नसतो. लोखंडाचे वजन आणि भंगाराचा दर धरून खालून वर यावे. १५ वर्षांवरील अवजड वाहनाच्या फिटनेसचे (योग्यता प्रमाणपत्राचे) शुल्क १ एप्रिल २०२२ पासून १२,५०० रुपयांवर गेले होते, आजचे शुल्क विचारून तेही हिशेबात घ्यावे, आणि थकलेला कर व विमा तर वेगळाच.

कागदांची गोष्ट इंजिनाहून वाईट निघाली. नोंदणीवर फायनान्सचा बोजा दिसत होता, तो मी पाहिला होता. दलालाने कंपनीच्या ना-हरकत पत्राची झेरॉक्स आणि सह्या केलेले फॉर्म २९, ३० (मालकी बदलण्याचे) आणि ३५ (बोजा उतरवण्याचा) समोर ठेवले व फक्त नोंद कमी करायची राहिली आहे, असे सांगितले. पत्र खोटे नव्हते. ते आधीच्या कर्जाचे होते. त्यानंतर त्याच गाडीवर त्याच कंपनीकडून पुन्हा कर्ज उचलले गेले होते आणि ते थकलेले आहे. नोंदणीवरील बोजाची तारीख आणि पत्राची तारीख शेजारी ठेवून पाहिली असती, तर पत्र आधीचे आणि बोजा नंतरचा, हे लगेच दिसले असते. ना-हरकत पत्र आणले, तर कर्ज क्रमांक घेऊन स्वतः त्या कंपनीच्या शाखेत जाऊन विचारा. झेरॉक्सवर एक रुपयाही देऊ नका. बोजा असल्यामुळे गाडी माझ्या नावावर होत नाही आणि नोंदणीकृत भंगार केंद्रही ती घेत नाही. गाडी विकणाऱ्यांनीही कोरे फॉर्म सही करून दलालाच्या हाती देऊ नयेत, कारण नोंदणीवर ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जातो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे, आणि अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात पडते.

आता ज्यांनी दाद द्यायची, त्यांच्याविषयी. पोलीस ठाण्यात पहिले वाक्य ऐकू आले ते, 'हा दिवाणी मामला आहे, वकील गाठा.' पैसे घेताना मनात लबाडी असेल तर ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालची फसवणूक ठरते, हे मी सांगितल्यावर यार्ड आमच्या हद्दीत नाही, हे कारण पुढे आले. हद्द कोणतीही असली तरी गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे दाखवल्यावर पैसे ऑनलाइन गेले ना, मग सायबरकडे जा, असे सांगण्यात आले. आणि सायबरने गाडी तुम्ही डोळ्यांनी पाहून घेतलीत, यात सायबर काय, म्हणून परत पाठवले. परिवहन कार्यालयाचे उत्तर असे, की आम्ही कागद पाहतो, इंजिन नाही, आणि कागदांत तर बोजा स्पष्ट दिसतो आहे. फायनान्स कंपनी फक्त कर्जदाराशीच बोलते, आणि कर्जदाराचा फोन बंद आहे. ग्राहक आयोगाकडे जावे, तर माल व्यापारासाठी घेतला की स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी, हे आधी सिद्ध करा. ही दुसरी गाडी मी स्वतः चालवणार होतो, याचा कागद कोठून आणायचा? प्रत्येक टेबलावर माणूस सभ्यपणे बोलतो, अर्जाची पोच देतो आणि पुढचे टेबल दाखवतो. ज्या तत्परतेने रस्त्यावर गाडी अडवून कागद तपासले जातात, तिचा चौथा हिस्सा जरी येथे दिसला असता, तरी तो दलाल आज त्याच यार्डात खुर्ची टाकून बसलेला नसता.

पोलीस अधीक्षकांकडे टपालाने अर्ज करूनही काही झाले नाही, म्हणून वकिलांमार्फत दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज दिला आहे. तेथे संदेश आणि खात्यावरील २,६५,००० रुपयांचे उतारे जोडले आहेत. सौद्याच्या रकमेतलेच रोख ७५,००० रुपये दलालाने 'कागद फिरवण्याच्या खर्चासाठी' म्हणून वेगळे मागितले होते. त्याची पावती नाही, साक्षीदार म्हणून होता तो फक्त तोच फिटर, आणि ही रक्कम सिद्ध करणे अवघड जाईल, असे वकील म्हणतात. गाडी सध्या गॅरेजबाहेर उभी असून गॅरेजवाल्याने जागेचे भाडे मागायला सुरुवात केली आहे.