टेन्स यंत्र आणि समुपदेशन : आठ महिन्यांच्या वापरानंतर

पाळी जाऊन दोन वर्षे झाली आणि माझे अंग ठणकू लागले. मान, खांदे, कंबर, मांड्या सारे एकदमच दुखे. रात्री अंगातून वाफा निघून झोप मोडे आणि सकाळी उठताना डोळा लागलाच नव्हता असे वाटे. रक्ताचे अहवाल चांगले आले म्हणून एका डॉक्टरांनी ‘या वयात व्हायचेच’ असे सांगून परत पाठवले. संधिवाततज्ज्ञांकडून फायब्रोमायल्जियाचे, म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याच्या आजाराचे, निदान होईपर्यंत दीड वर्ष गेले, याची चीड अजून मनात आहे.

फिजिओथेरपिस्टने टेन्स यंत्र सुचवले. खिशात मावणाऱ्या या यंत्रातून चिकट पॅडांवाटे त्वचेला सौम्य विद्युतप्रवाह मिळतो. मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलेल्या ‘गेट कंट्रोल’ सिद्धान्तानुसार स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात. दुखरी जागा चोळल्यावर बरे वाटते, त्यातलेच हे. भीतीने मी प्रवाह अगदी मंद ठेवत होते, त्यामुळे पहिला महिना वायाच गेला. झिणझिण्या ठळक, पण सोसवतील इतक्या हव्यात, आणि पडून राहण्यापेक्षा कणीक मळताना किंवा जिना चढताना यंत्र लावल्यास उपयोग अधिक होतो. बंद केल्यावर मात्र तासाभरात ठणका परतू लागतो.

खरी अडचण आराम पडू लागल्यावर आली. दुखणे कमी आहे तोवर सगळे उरकून घ्यावे म्हणून मी एका सकाळी पूर्ण माळा आवरला आणि पुढचे तीन दिवस अंथरुणावर काढले. असे दोनदा झाल्यावर समुपदेशन, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी सीबीटी ही उपचारपद्धती, सुरू केले. दुखणे हा मनाचा खेळ आहे असे तिथे कोणी म्हणाले नाही, आणि त्यामुळेच मी टिकले. समुपदेशक बाईंनी मला एक वही घालायला लावली : काय केले, किती वेळ केले, दुसऱ्या दिवशी काय झाले. तीन आठवड्यांची पाने शेजारी ठेवली, तेव्हा प्रत्येक वाईट दिवसाच्या आदल्या रकान्यात ‘आज बरे वाटले’ असे माझ्याच अक्षरात लिहिलेले दिसले. तेव्हापासून मी दुखू लागल्यावर नव्हे, तर वीस मिनिटांचा गजर झाला की थांबते, मग पोळ्या अर्ध्या राहिल्या तरी चालेल. यंत्राने मिळालेली उसंत कशी खर्चावी, हे मला त्या वहीने शिकवले. म्हणून दोन्ही उपचार एकत्र घ्यावेत असे माझे ठाम मत झाले आहे.

वाफा आणि मध्यरात्रीची जाग यांवर यंत्राचा काहीच परिणाम झाला नाही. त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे वेगळे उपचार चालू आहेत. पेसमेकर असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय टेन्स वापरू नये, आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला पॅड कोणीच लावू नयेत. पॅडांचा चिकटपणा वापराने जातो. ओले बोट फिरवून ते आणखी काही दिवस चालतात. पाठीवरचे पॅड एकटीला लावता येत नाहीत, त्यामुळे सून कामावर निघण्यापूर्वी ते लावून जाते, आणि मी आता दहाऐवजी पस्तीस मिनिटे फिरून येते.