बेडचा डॅशबोर्ड की वॉर्डातील वॉर रूम?

करोनाच्या साथीत सरकारे किती सक्षम ठरली, यावर आपल्याकडे जे राजकीय भाष्य झाले, त्यातले बरेचसे नेत्यांच्या बोलण्याभोवती फिरले. उद्धव ठाकरे यांचे फेसबुकवरील संवाद काहींना धीर देणारे वाटले आणि काहींना अपुरे. अरविंद केजरीवाल यांच्या डिजिटल पत्रकार परिषदांबद्दलही अशीच दोन मते होती आणि ती बहुतेक वेळा ज्याच्या त्याच्या पक्षनिष्ठेप्रमाणे ठरत होती. मला मात्र क्षमतेची परीक्षा याहून साध्या प्रश्नात दिसते. रात्री घरातल्या माणसाचे सॅच्युरेशन उतरू लागले, तर त्याला ऑक्सिजनचा बेड मिळवून देण्याचे काम कोणाचे? या प्रश्नाला शहरांनी मुख्यतः दोन उत्तरे दिली. ज्यांना आपल्या शहराच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यावर सूचना द्यायच्या आहेत, किंवा प्रभागातल्या उमेदवाराला आरोग्याबद्दल नेमके काहीतरी विचारायचे आहे, त्यांच्यासाठी ही दोन उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहतो.

पहिले उत्तर डॅशबोर्डचे. दिल्ली सरकारने २ जून २०२० रोजी ‘दिल्ली करोना’ हे अ‍ॅप सुरू केले आणि कोणत्या रुग्णालयात किती बेड व किती व्हेंटिलेटर रिकामे आहेत हे सर्वांसमोर ठेवले. देशातल्या इतर अनेक शहरांनी याच धर्तीची संकेतस्थळे उभारली. या कल्पनेतला चांगुलपणा मी नाकारत नाही. माहिती सर्वांना सारखी मिळते, मध्ये कोणी बाबू किंवा दलाल उरत नाही, पत्रकारांना सरकारी दाव्यांची पडताळणी करता येते आणि खर्चही कमी येतो. मात्र अ‍ॅप सुरू झाल्यावर काही दिवसांतच, बेड रिकामा दिसतो पण रुग्णालय दाखल करून घेत नाही, अशा तक्रारी येऊ लागल्या. बेडचा काळाबाजार चालल्याचा आरोप खुद्द दिल्लीचे तेव्हाचे मुख्यमंत्री केजरीवाल यांनी केला आणि रुग्णालयांना कारवाईचा इशारा दिला. म्हणजे आकडा आणि बेड यांच्यामध्ये कोणीतरी उभे आहे, हे सरकारलाही लवकरच कळले होते.

दुसरे उत्तर मुंबईचे, आणि ते सुरुवातीपासून हाताशी नव्हते. मे २०२० मध्ये मुंबईची अवस्था वाईट होती. शीव रुग्णालयात मृतदेहांच्या शेजारी रुग्णांवर उपचार चालू असल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली, ८ मे रोजी पालिका आयुक्त बदलून इक्बालसिंह चहल यांना आणण्यात आले, आणि १९१६ या एकाच मदत क्रमांकावर साऱ्या शहराचा भार पडत होता. त्यानंतर पालिकेने बेडवाटपाचे काम चोवीस प्रशासकीय वॉर्डांत विभागले. प्रत्येक वॉर्डात वॉर रूम उघडली, तिथे डॉक्टर आणि फोन घेणारे कर्मचारी बसवले, रुग्णवाहिका दिल्या आणि बाधितांची यादी तिथेच पोहोचवण्याची व्यवस्था केली. रुग्णाने बेड शोधत फिरण्याऐवजी वॉर्डाने रुग्णाला फोन करायचा, ही त्यामागची रचना होती. राज्य सरकारने मे महिन्यातच खासगी रुग्णालयांतील ८० टक्के बेड नियंत्रणाखाली घेऊन दर बांधून दिले होते: साध्या विलगीकरणासाठी दिवसाला ४,००० रुपये, आयसीयूसाठी ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,०००. त्यामुळे वॉर रूमच्या हातात वाटण्यासाठी खरोखर काही होते.

मुंबईच्या पद्धतीतले दोषही तितकेच ठळक आहेत. करोना चाचणीचा अहवाल आधी पालिकेला द्यावा, रुग्णाला थेट देऊ नये, असे प्रयोगशाळांना जून २०२० मध्ये सांगण्यात आले. स्वतःच्या आजाराची बातमी माणसाला उशिरा कळावी, हे मला आजही पटत नाही. त्याच महिन्यात आधी न मोजलेले ८६२ मृत्यू मुंबईच्या आकड्यांत एकदम मिळवावे लागले. जम्बो केंद्रांच्या, म्हणजे साथीसाठी उभारलेल्या मोठ्या तात्पुरत्या रुग्णालयांच्या, कंत्राटांची पुढे तपास यंत्रणांनी चौकशी केली. एका खोलीत इतका अधिकार एकवटला की गैरवापराची वाटही तिथूनच जाते, हा आक्षेप गंभीर आहे आणि तो विरोधकांचा म्हणून बाजूला सारता येत नाही.

तरीही माझा कल वॉर रूमकडे झुकला, त्याचे कारण डॅशबोर्डमुळे झालेला एक त्रास आहे. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, माझ्या आत्याला ऑक्सिजनची गरज पडली. ती ज्या शहरात राहते, त्या शहराने डॅशबोर्डची पद्धत घेतलेली होती. पडद्यावर काही रुग्णालयांपुढे रिकाम्या बेडचा आकडा होता. आम्ही भावंडांनी ती नावे वाटून घेतली आणि फोन लावू लागलो. कुठे फोन उचलला जात नव्हता, कुठे ‘आत्ताच भरला’ असे उत्तर मिळत होते, कुठे सीटी स्कॅनचा स्कोअर विचारून नंतर कळवतो म्हणत होते. हे सर्व त्या दिवसांत समजून घेण्यासारखे होते. रुग्णालयातली माणसे थकली होती आणि बेड खरोखरच मिनिटांत भरत होते. समजून घेता आले नाही ते पुढचे. ज्या रुग्णालयाने बेड नसल्याचे स्पष्ट सांगितले होते, त्याच्यापुढचा आकडा दुसऱ्या दिवशी सकाळीही तसाच होता. तो चुकीचा आहे हे कळवायला फोन केला, तेव्हा पालिकेच्या मदत कक्षाने आकडे रुग्णालय भरते असे सांगितले, आणि रुग्णालयाने आम्ही माहिती पाठवली आहे असे सांगितले. दोघेही कदाचित खरेच बोलत होते. पण माझ्या आत्याला बेड मिळाला नाही, याची नोंद त्या संपूर्ण व्यवस्थेत कुठेही झाली नव्हती. डॅशबोर्डला रिकामे बेड मोजता येत होते, बेड न मिळालेली माणसे मोजण्याची त्यात सोयच नव्हती.

शेवटी बेड मिळाला तो चुलतभावाच्या एका डॉक्टर मित्राच्या शब्दावर. आत्या बरी झाली, याचा आनंद आहेच. पण त्या रात्री ओळख नसलेल्या घरांनीही तीच यादी उघडली असणार, तेच फोन लावले असणार. माहिती सर्वांना सारखी देऊन बेड मात्र ओळखीवर मिळत असेल, तर त्या समतेचा उपयोग कोणाला होतो, हा प्रश्न मला तेव्हापासून सुटलेला नाही.

त्याच सुमारास मुंबईत माझ्या सासऱ्यांनाही संसर्ग झाला. वॉर्डातून फोन आला, वय, मधुमेह, सॅच्युरेशन विचारले गेले, आणि घरी येऊन तपासणी झाल्यावर जम्बो केंद्रातला बेड देण्यात आला. आम्हाला घराजवळचे खासगी रुग्णालय हवे होते, ते मिळाले नाही, आणि सासूबाईंची त्यावर नाराजी होती. पण निर्णय घेणाऱ्या डॉक्टरांचे नाव आम्हाला माहीत होते, प्रकृती बिघडल्यास कोणत्या क्रमांकावर बोलायचे हे माहीत होते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच खोलीतून चौकशीचा फोन आला. दोन घरांच्या अनुभवावरून दोन पद्धतींचा निकाल लावणे योग्य नाही, हे मी मान्य करतो. त्या एप्रिलमध्ये मुंबईतही वॉर रूमचे फोन व्यग्र लागल्याचे अनेकांनी सांगितले आहे. तरी नकार देणारा माणूस कोण हे माहीत असणे आणि नकार नेमका कोणी दिला हेच न कळणे, यांतला फरक मला फार मोठा वाटतो.

अधिकार एका हातात असण्याचा फायदा ऑक्सिजनच्या टंचाईत दिसला. एप्रिल २०२१ च्या मध्यावर मुंबईत एका रात्रीत सहा रुग्णालयांतील १६८ रुग्ण दुसरीकडे हलवण्यात आले. कोणत्या इमारतीत किती साठा उरला आहे आणि दुसरीकडे किती जागा आहे, हे एकाच यंत्रणेला माहीत असल्याशिवाय आणि तिला हुकूम देता आल्याशिवाय असे काम होत नाही. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्सिजनच्या सुनावणीत मुंबई पालिकेकडून शिकण्याची सूचना दिल्लीच्या संदर्भात केली. इथे दिल्लीबद्दल न्यायाने बोलले पाहिजे. तिथली रुग्णालये केंद्र, दिल्ली सरकार आणि तेव्हाच्या तीन महापालिका यांच्यात विभागलेली होती, शिवाय शेजारच्या राज्यांतले रुग्णही तिथे येत होते. मुंबईत केईएम, नायर, शीव, कूपर ही सारी एकाच पालिकेची. घरीच विलगीकरणात असलेल्यांना ऑक्सिमीटर पुरवण्याचे दिल्लीचे काम तर मनापासून वाखाणण्यासारखे होते.

तेव्हा निवड करताना आधी आपल्या गावाचे स्वरूप पाहावे. जिथे दोन-तीनच रुग्णालये आहेत आणि सगळे एकमेकांना ओळखतात, तिथे रोज प्रामाणिकपणे अद्ययावत होणारा फलक पुरेसा ठरू शकेल. पण जिथे बहुतेक बेड खासगी आहेत आणि वस्ती लाखांत आहे, तिथे मी वॉर्डनिहाय वॉर रूमच मागेन, दोन अटींसह. एक, तिच्याकडे आलेल्या प्रत्येक मागणीचा आणि नकाराचा आकडा रोज प्रसिद्ध व्हावा. डॅशबोर्डची पारदर्शकता तिथे हवी. दुसरी, तिच्या कामाचा जाब विचारायला निवडून आलेला नगरसेवक असावा. मुंबई पालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्या काळात अशी साथ आली असती, तर वॉर्डातल्या त्या खोलीला सभागृहात प्रश्न विचारणारे कोणीच नसते. आराखड्यावर सूचना देताना ही दुसरी अट आधी लिहावी, कारण पहिली पाळली जाते की नाही हे तपासणारा माणूस तिच्यामुळेच मिळतो.