काळीची पत्रिका : माती परीक्षण सेवेचा एका हंगामाचा अनुभव

आमच्या भागात गावाचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. जिथे पिकते ती काळी आणि जिथे माणसे राहतात ती पांढरी. औसा तालुक्यातल्या आमच्या गावाची पांढरी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर हलली आणि दुसऱ्या जागी सरळ रस्त्यांचे, एकसारख्या घरांचे नवे गाव वसले. काळी मात्र होती तिथेच राहिली. त्यामुळे गाव कुठले असे कोणी विचारले की माझ्या डोळ्यांसमोर घर येत नाही, ओढ्याकाठचे शेत येते. गेल्या वर्षी वडिलांच्या वाटणीची जमीन माझ्या नावावर झाली, आणि पुण्यात नोकरी करून शेत तात्यांच्या, म्हणजे चुलत्यांच्या भरवशावर ठेवणाऱ्या माझ्यासारख्याने पहिले काम कोणते करावे, तर माती तपासून घ्यावी, असे मी ठरवले. जिल्ह्यातल्या एका खासगी प्रयोगशाळेकडून ही सेवा घेतली. तिचे नाव देत नाही, कारण इथे लिहायचे आहे ते या सेवेच्या पद्धतीविषयी, आणि मला आलेल्या अडचणी इतरांनाही येऊ शकतील अशा आहेत.

तात्यांना हा बेत आधी पटला नाही. "आईची परीक्षा घ्यायलास व्हय रे?" असे त्यांनी विचारले, आणि हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने अगदी खरा होता. ते आजही पायातले काढून शेतात उतरतात, बांधावर वाकून चिमूटभर माती कपाळाला लावतात, आणि तिफणीची पूजा झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरत नाहीत. काळी आई हा शब्द त्यांच्या तोंडी भाषणातला नाही, रोजचा आहे. शेवटी त्यांनी स्वतःच तोडगा काढला. काकूंची साखर वाढली तेव्हा रक्त तपासलेच होते, मग हिचेही तपासू, असे म्हणून ते खुरपे शोधायला उठले.

नमुना घेण्याविषयी सविस्तर लिहितो, कारण या सेवेचे निम्मे यश प्रयोगशाळेच्या दारात पोचण्याआधीच ठरलेले असते. आम्ही मे महिन्यात, शेत मोकळे असताना आणि खत टाकून तीन महिन्यांहून अधिक काळ लोटलेला असताना नमुने घेतले. बांधालगतची, झाडाखालची, विहिरीजवळची, जनावरे बांधायची आणि शेणखताचा ढीग असलेली जागा टाळायची असते. शेतात नागमोडी चालत ठिकठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा साधारण २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्यायचा, आतली माती काढून टाकायची आणि मग खड्ड्याच्या कडेची वरपासून खालपर्यंतची पातळ चकती तासून घ्यायची. जस्त (झिंक) आणि लोह तपासायचे असल्यास लोखंडी अवजार किंवा घमेले वापरू नये, म्हणून आमच्या खुरप्याच्या जागी बांबूची चपटी कामटी आली आणि घमेले प्लास्टिकचे आले. मे महिन्यात आमच्या भारी जमिनीला कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडलेल्या असतात. बेसॉल्ट खडकापासून झालेल्या या मातीतला चिकण भाग पाणी प्यायला की फुगतो आणि वाळला की आक्रसतो, त्याची ही खूण. तात्या त्या भेगांना तोंडे म्हणतात, पावसाची वाट बघत उघडलेली तोंडे.

सगळ्या खड्ड्यांची माती स्वच्छ धोतरावर पसरून, ढेकळे फोडून, तिचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन भाग बाजूला काढले, उरलेले दोन पुन्हा मिसळून पुन्हा चार भाग केले, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच चालू ठेवले. बाजूला काढलेली माती मी बांधावर ओतणार होतो. तात्यांनी हात धरला आणि ती सगळी माती ओंजळीने उचलून खड्ड्याखड्ड्यांत परत नेऊन टाकली. या कामात आमचा जवळजवळ पाऊण तास गेला, आणि तो मला वाया गेलेला वाटला नाही.

आम्ही कापडी पिशव्या तीन नेल्या होत्या. एक ओढ्याकाठच्या भारी जमिनीसाठी आणि एक वरच्या मुरमाड तुकड्यासाठी. तिसरी मी जुन्या गावठाणासाठी ठेवली होती. वस्तीची पांढरी माती शेतात विस्कटली तर पीक जोमदार येते असे जुने लोक सांगत, आणि आमच्या पडक्या घराची जागा आता वेड्या बाभळींनी भरली आहे, तेव्हा तिच्यात काय आहे ते पाहावे असे मला वाटत होते. तात्या त्या बाजूला यायला निघालेच नाहीत. आमच्याकडची जुनी घरे दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची होती. वर हातभर माती असे, उन्हाळ्यात घर थंड राही, आणि त्या पहाटे तीच माती झोपलेल्या माणसांवर आली. माझी आजी त्या मातीखाली गेली. "तिथली नको," एवढेच ते म्हणाले. तिसरी पिशवी रिकामी घेऊन मी परतलो.

प्रयोगशाळेतली व्यवस्था पाहून समाधान वाटले. माती सावलीत वाळवत होते, लाकडी हातोडीने कुटून दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळत होते, आणि प्रत्येक नमुन्यासोबत त्याची चिठ्ठी शेवटपर्यंत फिरत होती. अर्जात गट क्रमांक, मागील पीक, पुढील पीक, सिंचनाची सोय आणि नमुन्याची खोली विचारली होती. तीन आठवड्यांत अहवाल मिळाला, आणि तिथेच घोळ झाला. कोरडवाहू सोयाबीनसाठी दिलेल्या नमुन्याच्या अहवालावर पुढील पीक म्हणून ऊस छापला होता, आणि खताची मात्रा त्याच हिशेबाने काढली होती. विचारणा केली तेव्हा संगणकावर नोंद चुकली असे उत्तर मिळाले, आणि दुरुस्त अहवाल हातात पडेपर्यंत आणखी बारा दिवस गेले. मृगाच्या तोंडावर बारा दिवस म्हणजे किती, हे शेतकऱ्याला सांगायला नको. आकडे बरोबर होते आणि सल्ला चुकला होता, असे नंतर स्पष्ट झाले. पण ज्याला आकडे वाचता येत नाहीत तो सल्ल्यावरच चालणार, आणि म्हणून ही चूक मी किरकोळ मानत नाही.

दुरुस्त अहवालात भारी जमिनीचा सामू (आम्ल-विम्लतेचा अंक, पीएच) ८.२, क्षारता निर्धोक, मुक्त चुना ११ टक्के, सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या शेणापाल्यातून मातीत येणारा कार्बन) ०.३८ टक्के, स्फुरद (फॉस्फरस) कमी, पालाश (पोटॅश) भरपूर, जस्त ०.४२ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आणि लोह ३.१ पीपीएम असे आकडे आले. जस्त ०.६ च्या खाली आणि लोह ४.५ च्या खाली असले की कमतरता मानतात, म्हणजे दोन्ही कमी होते. हे वाचताना मला आमच्या सोयाबीनची आठवण झाली. दरवर्षी जुलैत ओढ्याकाठच्या पट्ट्यात कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि घरात कोणीतरी म्हणते की पिकाला दृष्ट लागली. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही पिकाला उचलता येत नाही, त्याचे हे लक्षण आहे. पालाशाच्या पिशव्या मात्र आम्ही वर्षानुवर्षे सवयीने टाकत आलो होतो, आणि तो तर मातीत मुळातच मुबलक होता.

मला सर्वांत खोल लागला तो सेंद्रिय कर्बाचा आकडा. ०.४० च्या आत म्हणजे कमी, असे आपल्याकडचे वर्गीकरण सांगते. आजोबांच्या वेळी दारात चार बैल, दोन म्हशी आणि शेळ्या होत्या, आणि उन्हाळ्यात शेणखताच्या गाड्यांच्या खेपा चालत. आता आमच्या दारात एक गाय आहे, आणि सोयाबीनचे भुसकटही विकले जाते. आईची ओटी भरायची आणि तिला जेवू घालायचे विसरायचे, असे आमच्या हातून कित्येक वर्षे घडत होते, आणि ते एका छापील रकान्याने दाखवले. तात्यांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

सल्ल्याच्या भागाविषयी माझे मत संमिश्र आहे. सोयाबीनसाठी हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश आणि २० किलो गंधक ही मराठवाड्यातली सर्वसाधारण शिफारस असून अहवालाने तिच्यात आमच्या आकड्यांप्रमाणे बदल केला होता. स्फुरद वाढवले होते, पालाश कमी केला होता, हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट आणि ५ टन शेणखत सुचवले होते, आणि लोहासाठी फेरस सल्फेटची फवारणी दिली होती. हे सगळे उपयोगी आहे. पण झिंक सल्फेट स्फुरदयुक्त खतात मिसळून टाकू नये, नाहीतर दोन्हींचा उपयोग घटतो, ही गोष्ट अहवालात कुठेच नव्हती. ती मला एका कृषी पदवीधर मित्राने सांगितली म्हणून आम्ही जस्त शेणखतात मिसळून वेगळे टाकले. शिवाय अहवालातले निम्मे रकाने इंग्रजी आद्याक्षरांत होते. सामू, कर्ब, स्फुरद हे शब्द मराठीत रुळलेले असताना, जिला आपण आई म्हणतो तिची तब्येत तिच्या लेकरांना वाचता येऊ नये, याचे मला मनापासून वाईट वाटले.

मग सरकारी पत्रिका असताना पैसे भरून ही सेवा का घ्यावी, असा प्रश्न येईल. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत बारा घटकांची तपासणी होते आणि तिने माती परीक्षण हा शब्द वाडीवस्तीवर पोचवला, हे मोठेच काम आहे. मात्र त्या योजनेत सुरुवातीला बागायतीत अडीच हेक्टरांसाठी आणि कोरडवाहूत दहा हेक्टरांसाठी एक नमुना अशी चौकट ठरली होती. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर, आणि आमच्या शिवारात तेवढ्यात सात-आठ जणांची शेते बसतात. आमच्याच दोन तुकड्यांत कर्ब एकीकडे ०.३८ आणि वरच्या मुरमाड तुकड्यात, जिथे गुरे बसवत असत, ०.६१ निघाला. एवढे अंतर एका बांधाच्या दोन बाजूंना असेल, तर स्वतःच्या हाताने, स्वतःच्या गटातून घेतलेल्या नमुन्याला पर्याय नाही असे मला वाटते. दोन नमुन्यांना मिळून मी साडेआठशे रुपये भरले. एका पिशवी खताच्या हिशेबात ही रक्कम जड नाही.

हंगामाचा निकाल प्रामाणिकपणे सांगायचा तर ओढ्याकाठचा पिवळेपणा गेल्या दोन वर्षांच्या मानाने बराच कमी दिसला, पण पाऊसही या वेळी वेळेवर होता, त्यामुळे सगळे श्रेय झिंक सल्फेटला देता येणार नाही. पालाशावरचा खर्च मात्र नक्की वाचला. कर्ब एका वर्षात हलत नाही. त्यासाठी शेणखत, ताग आणि भुसकट शेतातच ठेवणे हे ओळीने काही वर्षे करावे लागेल.

मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला मी मुद्दाम गावी गेलो. त्या दिवशी लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या शिवारांत माणसांची जत्रा असते आणि शहरातले रस्ते ओस पडतात. शेतात कडब्याची कोप उभी केली होती, आत चुना लावून पांढरे केलेले पाच दगड पांडव म्हणून बसवले होते, भज्जी, उंडे, आंबील आणि खिरीचा नैवेद्य होता. तात्यांनी हरभऱ्यातून फिरत आंबील शिंपडली. जेवणे झाल्यावर त्यांनी तो अहवाल मागवला आणि पाहुण्यांसमोर मोठ्याने वाचायला लावला. पीपीएम म्हणजे काय ते कोणाला कळले नाही. "जस्त कमी हाय, चुना जास्ती हाय, अन् शेणखताबिगर जमत नाही," असा त्यांनीच त्याचा अर्थ लावून सांगितला, आणि दोन भाऊबंदांनी नमुना कसा घ्यायचा ते तिथेच विचारून घेतले.

संध्याकाळी हेंडगा, म्हणजे गवताचा पलिता, पेटवून झाल्यावर आम्ही गोठ्यात आलो. गोठ्याच्या भिंतीवर आजोबांपासूनच्या पेरणीच्या तारखा कोळशाने लिहिलेल्या आहेत. तात्यांनी या वर्षीच्या तारखेखाली मला कर्ब आणि जस्ताचे आकडे लिहायला सांगितले, आणि पुढच्या नमुन्यासाठी शेजारी जागा मोकळी सोडायला लावली. प्रयोगशाळेकडून परत मागून आणलेली उरलेली माती माझ्या पिशवीत होती. ती त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी, पायातले काढून, ओढ्याकाठी नेऊन टाकली.